मडकं पुढे, बाबा तिरोड्याकडे

माझ्या वडिलांच्या अंत्ययात्रेत मी सगळ्यांत पुढे होतो. इतका पुढे, की अंत्ययात्रा मागेच राहिली.

हे काही मी कौतुकानं सांगत नाही. आमच्या भागात ही गोष्ट आता सगळ्यांना ठाऊक आहे आणि जो तो आपापला मसाला घालून ती सांगतो. मध्यंतरी चहाच्या टपरीवर एक अनोळखी माणूस मला माझीच गोष्ट सांगत होता, आणि त्याच्या गोष्टीत मी मडकं घेऊन थेट रेल्वेत बसलो होतो! तेव्हाच ठरवलं, आपणच एकदा खरं काय घडलं ते लिहून टाकावं. खरं काही फार बरं नाही, पण निदान त्यात रेल्वे नाही.

आमचं घर गोंदियाच्या वेशीवर, तिरोडा रोडला लागून. रस्त्याच्या अलीकडे घर, पलीकडे माझं खत-बियाण्याचं दुकान, आणि दुकानाच्या बाजूनं जी वाट आत जाते तिच्या टोकाला मोक्षधाम. घर, दुकान आणि शेवटचा मुक्काम, तिन्ही एका सरळ रेषेत. बाबा म्हणायचे, "भोजू, आपलं सारं हाकेवर हाये. कुठी गाडी कराचं काम नाही." (भोजू म्हणजे मी, भोजराज. पन्नाशी उलटली, पण घरात अजून बढती मिळालेली नाही.) या रेषेला मधोमध तिरोडा रोड आडवा जायचा, तोच आमचा मोहाचा चौक. चौकात मोहाचं एक झाड होतं, मोकाट जनावरं होती आणि वाहतुकीचा एकच नियम होता: ज्याची गाडी मोठी, तो आधी.

या नियमात माझा धाकटा भाऊ दिलीप गेला. तो सायकलवर होता. इथे मला विनोद सुचत नाही, म्हणून पुढे जातो.

त्यानंतर बाबांनी चौकाचा पिच्छाच पुरवला. सोबतीला त्यांचे बालमित्र घनश्यामकाका. काकांचं घर रस्त्याच्या पलीकडे, माझ्या दुकानाला चिकटून. हे दोघं म्हातारे चौकात सतरंजी टाकून रास्ता रोको करायचे. रास्ता काही रुकायचा नाही. ट्रकवाले सतरंजीला वळसा घालून जायचे आणि जाता जाता विचारायचे, "काका, तबियत तो ठीक है ना?" पण दोघं चिवट! दर पावसाळ्याआधी सतरंजी, दर पावसाळ्यानंतर सतरंजी. शेवटी सरकारलाच त्या सतरंजीची दया आली असावी. चौकाचं नवं काम, डिवायडरसकट, मंजूर झालं.

मग काम सुरू झालं. म्हणजे खड्डा सुरू झाला. आमचा जिल्हा तलावांचा, त्यात एका तलावाची भर आमच्या दारासमोर पडली. पावसाळ्यात त्यात मासोळ्यासुद्धा आल्या! उन्हाळ्यात धूळ अशी, की ताटातल्या भातावर आधी फुंकर मारायची, मग वरण वाढायचं. मोहाचं झाड गेलं. रस्ता वर चढला आणि माझं दुकान आपोआप खाली गेलं. पहिल्याच पावसात युरियाच्या पोत्यांना घरबसल्या गंगास्नान! गिऱ्हाईक काठावर उभं राहून वाकून विचारायचं, "भोजूभाऊ, हाव का तुमी अंदर?" जणू काही मी विहिरीत पडलो होतो.

आणि एक दिवस चौक तयार झाला. गुळगुळीत चारपदरी रस्ता, पांढरे पट्टे, आणि मधोमध छातीएवढा डिवायडर, त्यावर लोखंडी जाळी. समोरासमोरची वाट बंद! पलीकडे जायचं तर डावीकडे वळा, तिरोड्याच्या दिशेनं लांब जा, तिथे डिवायडर तोडून ठेवलेल्या कटमधून फिरा आणि उलटे या. पायी माणसासाठी तेवढी एक सोय ठेवली होती. डिवायडरमध्ये दोन लोखंडी खांब आणि त्यांच्यामध्ये एक फट. फट मुद्दामच अशी, की मोटारसायकल जाऊ नये आणि गाय जाऊ नये. माणूस आडवा होऊन, पोट आत घेऊन जाऊ शकतो. मी रोज त्या फटीतून दुकानात जायचो. पहिल्या आठवड्यात शर्टाची बटणं तुटली, नंतर अंगाला वळण लागलं.

बाबांचं पोट मात्र त्या फटीत मावेना. त्यांनी इकडून प्रयत्न केला, तिकडून घनश्यामकाकांनी हात धरून ओढलं, मागून मी ढकललं. नाही म्हणजे नाही! ज्या डिवायडरसाठी आयुष्याची शेवटची वर्षं घालवली, त्यानंच दोघा मित्रांची ताटातूट केली. त्यानंतर दोघं संध्याकाळी डिवायडरच्या दोन बाजूंना उभे राहायचे आणि ट्रकच्या गोंगाटात एकमेकांशी ओरडून बोलायचे. (टेकू म्हणजे बाबा, टेकचंद.)

"जेवला का बे टेकू?"

"काय?"

"जेवला का?"

"उद्या सांगतो!"

मी एकदा चिडून म्हणालो, "बाबा, काय मिळालं हे करून? स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला." बाबा शांतपणे म्हणाले, "मी नाही गेलो तिकडं त चालते, बापा. कोणाचं पोरगं त नाही जाणार आता."

चौकाचं उद्घाटन तेवढं बाकी होतं. मोठ्या पाहुण्यांची तारीख मिळत नव्हती. त्याआधीच, धानाची कापणी ऐन रंगात असताना, बाबा एका सकाळी चहाचा कप खाली ठेवून भिंतीला टेकले ते टेकलेच. नवीन चौक झाल्यापासून आमच्या बाजूचं हे पहिलंच मरण. तिरडी पलीकडे न्यायची कशी, हा प्रश्न एवढ्या मोठ्या कामात कोणालाच पडला नव्हता. खरं सांगायचं तर मलाही पडला नाही.

ताई आणि भाऊजी अर्जुनी मोरगावहून यायचे होते, त्यामुळे निघायला दुपार उतरली. कामठ्याचे फुफाजी, म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, आधीच येऊन बसले होते. आमच्या नात्यात कुठेही माणूस गेला की विधी सांगायला फुफाजी. कोणी आजारी आहे म्हटलं तरी ते धोतर वाळत घालून ठेवतात. भाऊजींनी येताच शववाहिनी बोलावू का म्हणून विचारलं. (भाऊजींचा धानाचा व्यापार. त्यांच्याकडे उपाय आधी तयार असतो, अडचण मागून येते.) फुफाजी कडाडले, "चार खांदे असताना गाडी कायले पायजे? मोक्षधाम त समोर दिसून राहिलं!"

दिसत होतं, हे खरंच. त्या डिवायडरच्या जाळीतून अगदी स्वच्छ दिसत होतं.

मग फुफाजींनी मला बाजूला घेतलं. मी ओल्या धोतरात कुडकुडत होतो. हातात विस्तवाचं मडकं दिलं, घरच्या गोवऱ्यांचा अग्नी, दोरीच्या शिंक्यात. म्हणाले, "हे पाय भोजू. मडकं धरलं का तू पुढं, आन् तुह्या मांगं तुहा बाप. मडकं खाली ठेवाचं नाही. मांगं वळून पाहाचं नाही. कोणी आवाज देवो, रडो, बोंबलो, पाहाचं नाही. तू मांगं पायलं त गेलेला जीव घराकडं वापस फिरते."

"आणि तुम्हीच आवाज दिला तर?"

"मी देला तरी नाही! आन् दिवस बुडाच्या आंधी अग्नी भेटला पायजे. नाही त टेकचंदले रातभर उघड्यावर ठेवा लागन. हा विस्तव इझला त घरचा अग्नी गेला समज."

आयुष्यात मी बाबांचं फारसं काही ऐकलं नव्हतं. दुकान काढू नको म्हणाले, काढलं. उधारी देऊ नको म्हणाले, दिली. आज शेवटच्या दिवशी तरी मुलगा म्हणून चोख वागायचं, असं मी मनाशी पक्कं केलं. एवढं एकच काम होतं: सरळ चालायचं आणि मागे पाहायचं नाही. यात काय चुकणार?

मी निघालो. मागे "राम नाम सत्य है" सुरू झालं. मडक्यातला धूर डोळ्यांत जात होता, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि लोकांना वाटत होतं भोजू फार रडून राहिला. घरासमोरचा रस्ता ओलांडला, डिवायडरपाशी आलो. आणि पाय, हे माझे पाय, रोज सकाळी दुकानाला जाणारे पाय, आपोआप फटीकडे वळले! मी आडवा झालो, मडकं डोक्याच्या वर धरलं, पोट आत घेतलं आणि सुळकन पलीकडे निघालो. एक ठिणगीसुद्धा सांडली नाही. इतक्या दुःखात, खोटं कशाला सांगू, मला जरा बरंच वाटलं.

मागून "राम नाम" एकदम थांबलं. मग फुफाजींचा आवाज आला, "भोजू! ए भोजू! थांब बे!"

मी मनात म्हटलं, वा! फुफाजी परीक्षा घेऊन राहिले.

"अरे मांगं पाय! भोज्या, मांगं पाय म्हणतो ना!"

परीक्षा भलतीच कठीण होती. मी दात-ओठ खाऊन वेग वाढवला. पलीकडच्या लेनवरून तिरोड्याकडून वीज प्रकल्पाच्या राखेचे हायवा ट्रक धडधडत येत होते. एक गेला, दुसरा गेला, तिसरा येण्याआधी मी पळालो. अग्नी आणि प्रेत यांच्या मध्ये कोणी येऊ नये असं शास्त्र सांगतं. माझ्या आणि बाबांच्या मध्ये डिवायडर, दोन हायवा, एक एसटी आणि मोकाट जनावरांचा कळप आला. हळूहळू फुफाजींचा आवाज मागे पडला. मला वाटलं, मी परीक्षेत पास झालो. दुकानासमोर पाय सवयीनं थांबले आणि हात किल्लीसाठी कमरेला गेला. धोतराला खिसा नसतो, म्हणून दुकान उघडायचं राहिलं, एवढंच.

मोक्षधामात सरण रचलेलं होतं. बाजूच्या दगडावर घनश्यामकाका बसले होते. पाय साथ देत नव्हते, फट ओलांडायची हिंमत नव्हती, म्हणून सकाळपासून तिथेच येऊन वाट पाहत होते. मला पाहून काठी टेकत उठले.

"आला का बापा? टेकू कुठी हाये?"

"मागे आहेत ना."

"मांगं त कोणीच नाही."

"काका, नीट पाहा. मला पाहता येत नाही. फुफाजींनी सांगितलंय."

काकांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यावर. त्यांनी कपाळावर हात धरून पाहिलं. "वाट दिसून राहिली. वाटेवर काही त येऊन राहिलं."

"बाबा?"

"नाही. बकऱ्या."

कितीतरी वेळ झाला तरी मागून ना आवाज, ना माणूस. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की फटीतून मी आलो. तिरडी कशी येणार? जिवंतपणी बाबा एकटे त्या फटीत मावले नाहीत. मेल्यावर चार माणसांसकट कसे मावतील?

पलीकडे काय झालं ते मला नंतर भाऊजींनी सांगितलं, आणि भाऊजी तिखटमीठ लावत नाहीत, थेट फोडणीच देतात. तरी सांगतो. मी फटीत शिरलो तसे पुढचे खांदेकरी माझ्या मागे शिरायला गेले. एक जण खांबांमध्ये गेला आणि अडकला. मागच्यांना पुढचं दिसत नव्हतं, ते ढकलत राहिले. अडकलेला ओरडत होता, "अरे मी मरून राहिलो!" आणि मागचे म्हणत होते, "राम नाम सत्य है!" शेवटी त्याला ओढून काढलं. शर्ट खांबालाच राहिला. मग कोणीतरी म्हणालं, तिरडी उभी करून जाळीवरून पलीकडे घ्या. फुफाजी भडकले, "उभी कर म्हणते! माणूस मेला हाये बे, शिडी नोहे!"

तेव्हा भाऊजींनी सूत्रं हाती घेतली. म्हणाले, "कटवरून फिरून जाऊ. रस्ता कायले केला मंग?" झालं, वरात तिरोड्याच्या दिशेनं निघाली. कापणीचे दिवस, जवान पोरं सगळी शेतात. खांद्याला राहिले ते साठीच्या पुढचे. थोडं गेले की खांदे भरून यायचे. वाटेत तिरडी एकदा खाली टेकवून विसावा द्यायचा, ही आपली रीत. पहिला विसावा झाला. थोड्या वेळानं पुन्हा टेकवा म्हणाले, तेव्हा फुफाजी अडले.

"विसावा एकच राहते. दुसरा शास्त्रात नाही."

"मग फुफाजी, घ्या तुम्ही खांदा."

फुफाजींनी दहा-बारा पावलं खांदा दिला आणि म्हणाले, "टेकवा. अडचणीत दुसरा चालते." कटपर्यंत पोचेतो शास्त्रात बऱ्याच सुधारणा झाल्या.

दिवस झपाट्यानं कलत होता. इतक्यात मागून धानाची पोती भरलेला ट्रॅक्टर आला, राईस मिलकडे निघालेला. भाऊजींनी हात दाखवून थांबवला. ड्रायव्हर छत्तीसगडचा, भला माणूस. त्यानं आधी बाबांना हात जोडले, मग म्हणाला, "चढा दो भैया, धान पे सुला दो. बडे-बुजुर्ग हैं." बाबांना पोत्यांवर ठेवलं. शेजारी भाऊजी चढून बसले. बाकीची मंडळी पायी मागे. ट्रॅक्टर कटपाशी आला, वळायला लागला आणि थांबला. मागून ट्रकांचे भोंगे!

"यहाँ से नहीं मुडेगा भैया. ट्राली पलट जाएगी. आगे बडा वाला कट है, वहाँ से घुमाना पडेगा."

"अरे पण..."

भाऊजींचा "पण" संपेपर्यंत ट्रॅक्टर तिरोड्याकडे निघालासुद्धा! पायी मंडळी कटपाशी पोचली तेव्हा त्यांना बाबा धानाच्या पोत्यांवर झोपून, सूर्यास्ताकडे, दूर दूर जाताना दिसले. फुफाजींनी छाती पिटली म्हणतात. "अरे टेकचंद! तू कुठी जाऊन राहिला रे बापा!"

म्हणजे हिशेब असा: अग्नी मोक्षधामात, प्रेत तिरोड्याच्या वाटेवर, आणि मंडळी कटपाशी. एका माणसाची अंत्ययात्रा, पण तीन ठिकाणी! चौकाचं उद्घाटन असं झालं.

यातलं मला काहीच माहीत नव्हतं. मी रस्त्याकडे पाठ करून, मडकं हातात धरून उभा होतो. दोरी बोटांत रुतत होती. ऊन झाडांच्या शेंड्यावर गेलं होतं आणि मडक्यात आता धूरही राहिला नव्हता. मी वाकून फुंकर मारली. राख डोळ्यांत गेली. काकांनी काठीनं सरणाखालच्या वाळक्या काटक्या गोळा केल्या, बोटांनी मोडून मडक्यात टाकल्या. मग आम्ही दोघं दोन बाजूंनी फुंकू लागलो. पन्नाशीतला एक, ऐंशीच्या घरातला एक, दोघांची तोंडं राखेनं पांढरी. फुंकता फुंकता शेवटी एक बारीक निखारा लाल झाला.

तो लाल होताच काकांचा हात सवयीनं कानाकडे गेला. कानावरची बिडी त्यांनी ओठांत धरली आणि मडक्याकडे वाकले. वाकले आणि तसेच थांबले. बिडी ओठांतून गळून पडली.

"टेकूच पेटवून देत होता," ते म्हणाले. "हा डिवायडर झाल्यापासून बिडी तशीच कानावर राहाते. त्याले वाटे मी तिकडं ओढतो. मी सांगतलंच नाही कधी."

मग काका रडले. आणि दुपारपासून धुरानं रडत असलेला मी, पहिल्यांदा खरा रडलो. दिलीपच्या वेळी बाबांनी मला रडू दिलं नव्हतं, घर सांभाळ म्हणाले होते. आता सांभाळायला फक्त एक निखारा होता आणि तोही विझायला आला होता. बाबांना या एका कामात तरी मी नीट पोचवू शकत नाही, याची मला इतकी लाज वाटली, की पुन्हा फुंकायला श्वासच पुरेना. काकांनी आपला हात माझ्या हाताखाली धरला आणि मडक्याचं अर्धं ओझं घेतलं.

तेवढ्यात ट्रॅक्टरचा आवाज आला.

"काका, पाहा!"

"आला!" काका ओरडले. "टेकू आला! राजावानी बसून येऊन राहिला!" मग जरा थांबून डोळे बारीक करून म्हणाले, "बसून नाही. झोपून हाये."

मला अजूनही मागे पाहायचं नव्हतं, म्हणून बाबांचं हे आगमन मी पाहू शकलो नाही. ड्रायव्हर, भाऊजी, मोक्षधामातला लाकूडवाला आणि चौथे घनश्यामकाका, अशा चौघांनी बाबांना उतरवलं. काकांना भाऊजी म्हणाले, "तुम्ही राहू द्या, काका." काका म्हणाले, "लय दिवसानं भेटला. घेऊ दे मले." बाबांच्या अंगावर, फुलांमध्ये, पांढऱ्या कापडावर सगळीकडे धानाचा भुसा होता. जन्मभर धान पिकवलेल्या माणसाला तो शोभत होता, म्हणून कोणी झटकला नाही.

मागोमाग पळत मंडळीही आली. तिरडी हातात नसल्यावर कटमधून वळून पायी सरळ मोक्षधामात येता येतं, हे त्यांना उशिरा सुचलं होतं. सगळ्यांत पुढे फुफाजी, धापा टाकत.

"भोज्या, मी बोंबलून राहिलो, तू मांगं काऊन नाही पायलं?"

"तुम्हीच सांगितलं होतं ना!"

"मी सांगतलं म्हणून तू आयकतं काय? कधी आयकलं होतं आजपर्यंत?"

मुद्दा बिनतोड होता. पण वाद घालायला वेळ नव्हता. सूर्य झाडांमागे टेकला होता. मी काकांनी जगवलेला तो निखारा सरणाला लावला. आधी नुसता धूर झाला, मग एक वाळकी काटकी पेटली, मग दुसरी. जाळ झाला तेव्हा ऊन शेंड्यावरूनही गेलं होतं. फुफाजी आकाशाकडे पाहून म्हणाले, "बसलं टायमात. थोडं इकडं तिकडं चालते."

घरी परत आलो. दारात कडुलिंबाची पानं चावली, पायांवर पाणी घेतलं, आत गेलो. माय भिंतीशी बसली होती. बाजूला ताई आणि माझी बायको वंदना. मायला कोणीतरी आधीच सगळं सांगितलं असणार, कारण बाया चूप होत्या आणि चूप राहायला त्यांना कष्ट पडत होते.

"कसे गेले तुहे बाबा?" मायनं विचारलं.

मी सांगितलं. फट सांगितली, बकऱ्या सांगितल्या, ट्रॅक्टर सांगितला, काकांचा हात सांगितला. काही लपवलं नाही. माय पदर तोंडाला लावून ऐकत होती. तिचे खांदे हलत होते. ती रडते आहे की हसते आहे, हे मला कळेना. बहुतेक दोन्ही. मग तिनं डोळे पुसले आणि मला जवळ बसवलं.

"आयक भोजू. माह्या वेळी मडकं तू नको धरू, बापा."

"माय, असं काय बोलतेस? मुलगा आता मी एकच आहे."

"म्हणूनच सांगून राहिली. मडकं जवायाले दे. तू खांदा दे. खांदा देणारा कमीत कमी माह्यासंगं त राहीन."

मी तिचा हात धरला आणि म्हणालो, "हव माय. खांदाच देतो. शेवटपर्यंत सोडत नाही तुला."

मायनं माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. तिला काही खात्री वाटली नसावी. कारण तिनं लगेच वंदनाला जवळ बोलावलं आणि माझ्यासमोरच सांगितलं, "आन् पोरी, तरी याच्या कमरेले एक दोरी बांधजो. दुसरं टोक माह्या तिरडीले."